ओल्या खडीचा हिशेब

या वेळचा विषय बघून आमच्या घरातले हसणार, हे मला ठाऊक आहे. आयुष्यभर इतिहास-भूगोल शिकवलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या बाईनं डांबरावर काय लिहावं? पण रस्ता माझ्या दारावरून जातो, खडी माझ्या कुंपणाला लागून पडते आणि धूर माझ्या ओसरीवर येतो. तेव्हा माझंही चार ओळींचं मत असायला हरकत नसावी.

आमचा भाग म्हणजे मीना आणि घोड या दोन नद्यांच्या मधला पट्टा. इकडून गेलं की जुन्नर तालुका, तिकडून गेलं की आंबेगाव. शिवेवर राहण्याचा फायदा असा, की दोन्ही तालुक्यांचे रस्ते उखडलेले पाहायला मिळतात आणि दोन्हीकडचं डांबरीकरणही. काम झालं की फलक लागतो. त्यावर रस्त्याचं नाव, लांबी, खर्च, थरांची जाडी, काम सुरू झाल्याची तारीख, देखभालीची मुदत, सगळं असतं. मला फलक वाचायची सवय आहे. (शिक्षिकेला जे दिसेल ते वाचायची खोड असते, शुद्धलेखनाच्या चुकांसकट.) हल्ली वर्तमानपत्रांत आणि भाषणांत ‘पर्यावरणपूरक रस्ता’, ‘कार्बन उत्सर्जनात इतके टक्के घट’ असे शब्द येऊ लागले आहेत. म्हणून मी मुद्दाम शोधलं. एकाही फलकावर, हा रस्ता करताना किती इंधन जळलं, हे लिहिलेलं नाही. जे मोजलंच नाही त्यात घट कशी झाली?

आधी शब्दांचा थोडा निवाडा करते. आपण ज्याला डांबर म्हणतो ते खरं तर डांबर नव्हे. खरं डांबर दगडी कोळशापासून निघतं. कपाटातली डांबरगोळी त्या घराण्यातली. रस्त्यावर पडतं ते बिटुमेन, म्हणजे खनिज तेल शुद्ध करताना सगळं हलकं तेल उडून गेल्यावर तळाशी उरणारा काळा, चिकट गाळ. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहाच्या भिंतींतून पाणी झिरपू नये म्हणून लावला होता तोही याच जातीचा, फक्त तो जमिनीतून आपोआप वर आलेला होता. पण सवयीनं मी पुढेही डांबरच म्हणणार आहे. सत्तरीनंतर जीभ बदलत नाही.

आता ‘डांबराचं कार्बन उत्सर्जन’ म्हणताना लोक तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतात. एक, डांबर आणि खडी तापवायला जे डिझेल, फर्नेस ऑइल किंवा लाकूड जळतं त्याचा कार्बन डायऑक्साइड. दोन, तापलेल्या डांबरातून निघणाऱ्या वाफा. हा कार्बन डायऑक्साइड नव्हे, सेंद्रिय रसायनांची वाफ आहे आणि ती हवा आणि फुप्फुसं बिघडवते. तीन, डांबरात असलेला मूळचा कार्बन. तो जळत नाही, रस्त्यातच पडून राहतो, म्हणून तो उत्सर्जनात धरायचा नसतो. पेट्रोल जळून जातं, डांबर रस्त्यावर झोपतं. या तिन्ही गोष्टी वेगळ्या मोजल्या नाहीत तर कुणीही काहीही आकडा सांगावा आणि आपण टाळी वाजवावी.

माझा भाचा स्थापत्य अभियंता आहे. दिवाळीत आला तेव्हा मी त्याला वही घेऊन बसवलं. तो म्हणाला, “मावशी, यात फार मोठं शास्त्र नाही. धूर मोजू नकोस, डिझेल मोज.” एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. टाकीत किती भरलं आणि किती उरलं एवढं लिहिलं की झालं. कुठलं परदेशी यंत्र नको, उपग्रह नको.

मग त्यानं मला एक टन मालाचा हिशेब करून दाखवला, तो मी जसाच्या तसा देते, कारण त्यात मला गंमत वाटली. रस्त्याच्या गरम मिश्रणात वजनानं डांबर फक्त पाचेक टक्के असतं. बाकी सगळी खडी आणि कच. डांबर थंडपणी इतकं घट्ट असतं की खडीला चिकटतच नाही. ते पातळ व्हावं म्हणून दीडशे ते एकशेपासष्ट अंशांच्या आसपास तापवायचं आणि ते खडीला लागताक्षणी थिजू नये म्हणून खडीही तेवढीच तापवायची. म्हणजे लाड डांबराचे आणि इंधन जातं खडीवर. एक टन कोरडी खडी ३० अंशांवरून १६० अंशांवर न्यायला, काहीही वाया गेलं नाही असं धरलं तरी, सव्वातीन लिटर डिझेलची उष्णता लागते. त्यातलं पन्नास किलो डांबर तापवायला अर्धा लिटरही लागत नाही.

आणि खडी ओली असेल तर? समजा पाऊस पडून गेलाय आणि मालात चार टक्के ओल आहे. म्हणजे टनाला चाळीस लिटर पाणी. ते पाणी आधी उकळायचं, मग त्याची वाफ करून उडवायची. त्याला लागतं पावणेतीन ते तीन लिटर डिझेल! म्हणजे दगड तापवायला जेवढं, जवळजवळ तेवढंच पाणी उडवायला. आपण रस्ता करतोय की पाणी आटवतोय?

माझ्या माहेरी गुऱ्हाळ होतं. चुलवाणात ओलं चिपाड घातलं तर जाळ धरत नाही, नुसता धूर होतो आणि काहील तापायला दुप्पट वेळ लागतो, हे आमच्याकडच्या लहान पोरालाही माहीत होतं. गुळव्या ओलं चिपाड हाताला लागलं तर शिव्या द्यायचा. चिपाडं पसरून, उन्हात खडखडीत वाळवून, रात्री पाऊस यायचं लक्षण दिसलं तर झाकून ठेवायची. इथले शेतकरी कांदा चाळीत ठेवतात, अवकाळीचा रंग दिसला की ताडपत्री घेऊन धावतात. आणि क्रशरवरची खडी मात्र उघड्यावर. मार्चअखेरची कामाची घाई, एप्रिल-मे महिन्यातल्या वळवाच्या सरी, आणि त्याच ओल्या ढिगातून भरलेली गाडी थेट हॉटमिक्सच्या पोटात. त्यातही बारीक कच पाणी जास्त धरून ठेवते. निदान कचेवर तरी पत्र्याचं छप्पर घाला की! त्याला कुठलं नवं तंत्रज्ञान लागतं?

नव्या तंत्रज्ञानाबद्दल मला आकस नाही. ‘वॉर्म मिक्स’ म्हणून एक पद्धत आहे. त्यात काही रसायनं घालून डांबर कमी तापमानालाच कामाचं करतात. इंडियन रोड्स काँग्रेसनं २०१४ साली तिची मार्गदर्शक तत्त्वं काढली. तापमान तीस अंशांनी उतरलं तर टनाला पाऊण लिटर डिझेल वाचतं. चांगलंच आहे. पण खडीतली ओल चार टक्क्यांवरून दोनवर आणली तर टनाला जवळजवळ दीड लिटर वाचतं. म्हणजे ताडपत्रीनं रसायनाच्या दुप्पट काम केलं. ताडपत्रीचं उद्घाटन कुणी करत नाही, हा तिचा दोष.

एका किलोमीटरला हे सगळं किती होतं? गावाकडचा पावणेचार मीटर रुंदीचा रस्ता, त्यावर पंचवीस मिलिमीटरचा थर धरा. अंदाजे दोनशे टन माल. वाया जाणारी उष्णता धरून टनाला सात लिटर, म्हणजे चौदाशे लिटर इंधन, पावणेचार टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. हा आकडा ऐकून घाबरू नका. लिटरला बारा किलोमीटर जाणारी टोमॅटोची पिकअप याच किलोमीटरवरून रोज शंभर वेळा गेली तर साडेपाच महिन्यांत तेवढाच कार्बन सोडते. नारायणगावच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यांवर हंगामात तेवढ्या फेऱ्या सहज होतात. तेव्हा पृथ्वी डांबरानंच तापते असा कांगावा मी करणार नाही. पण ओल दोन टक्क्यांनी कमी केली तर याच एका किलोमीटरला २८० लिटर डिझेल वाचतं. लिटरला नव्वद रुपये धरले तर पंचवीस हजार रुपये. दोन तालुक्यांत असे किती किलोमीटर होतात ते तुम्हीच धरा.

आता दुसऱ्या पोत्याकडे येते, म्हणजे वाफांकडे. हे मला जास्त टोचतं.

मोठ्या रस्त्यांवर हॉटमिक्सचा माल येतो, पेव्हरनं अंथरतात. पण आडबाजूच्या वस्तीवर, खड्डे बुजवायच्या कामावर अजून जुनी पद्धत दिसते. रस्त्याच्या कडेला डांबराची पिंपं, खाली लाकडाचा जाळ, जाळ मंदावला तर हाताला येईल ते. डांबर किती तापलं हे पाहायला थर्मामीटर नसतो. बुडबुडे आले, निळसर धूर निघाला की ‘झालं’. खरं तर निळा धूर निघतो तेव्हा डांबर जळायला लागलेलं असतं. फाजील तापलेलं डांबर कडक आणि ठिसूळ होतं आणि पहिल्याच पावसाळ्यात खडी सोडून देतं. म्हणजे इंधन जास्त, धूर जास्त, रस्ता कमी. आणि त्या धुरात घमेली घेऊन उभ्या असतात बाया. पायाला गोणपाट बांधलेलं, तोंडावर पदर. एकीला मी पाणी द्यायला गेले तेव्हा विचारलं, “बाई, डोळे एवढे लाल कशानं?” ती म्हणाली, “धूरच खातो नव्हं आम्ही दिसभर.” तिचं तान्हं चिंचेखाली झोळीत होतं, वाऱ्याच्या दिशेला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०११ साली रस्त्यावर डांबर अंथरणाऱ्या कामगारांना बसणाऱ्या वाफा ‘कर्करोग होण्याची शक्यता आहे’ अशा गटात घातल्या. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिलं, की अंथरून झालेलं डांबरसुद्धा उन्हानं तापलं की वाफा सोडत राहतं. ४० अंशांवरून ६० अंशांवर गेलं की वाफा दुपटीच्या घरात जातात. आमच्याकडे मे महिन्याच्या दुपारी काळ्या रस्त्यावर साठ अंश म्हणजे काही विशेष नव्हे. अनवाणी चालून बघा. वॉर्म मिक्सची खरी बाजू मला इथे पटते. डिझेल पाऊण लिटरच वाचेल, पण तापमान तीस अंशांनी खाली आलं तर त्या बाईच्या तोंडावरची वाफ कमी होते. मग जाहिरातीत हे का नाही सांगत? टक्के कार्बनचे सांगतात, डोळ्यांचे सांगत नाहीत.

याहून मोठी गंमत हिशेबाच्या नियमात आहे. हवामानबदलाच्या आंतरराष्ट्रीय हिशेबपद्धतीत लाकूड जाळल्याचा कार्बन डायऑक्साइड इंधनाच्या खात्यात धरत नाहीत. झाड तोडलं तेव्हाच तो जमीन आणि जंगलाच्या खात्यात मांडला जातो, असं गृहीत असतं. देशाच्या पातळीवर ते तर्काला धरून आहे. पण एका रस्त्याचं खातं काढायला बसलं तर बाभळीच्या ओंडक्यांवर उकळलेलं पिंप कागदावर जवळजवळ शून्य! म्हणजे त्या बाईच्या डोळ्यांत गेलेला धूर हा हिशेबानं निर्मळ आणि चिमणीवाल्या प्लांटचा धूर मळका. ती बाभूळ कुणाच्या बांधावरची होती आणि तिच्या जागी दुसरी लागली का, हे जंगलाच्या कुठल्या खात्यात लिहिलंय, मला दाखवा.

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरजवळ मनसर इथे राष्ट्रीय महामार्ग ४४ वर जैव-डांबराचा तुकडा तयार झाला. पुण्याच्या प्राज कंपनीनं केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेबरोबर तो केला. वनस्पतींतलं लिग्निन डांबरात मिसळायचं, म्हणजे खनिज डांबर तेवढं कमी लागतं. आपल्या जिल्ह्यातल्या कंपनीनं केलं म्हणून आनंदच वाटला. उसाच्या टापूत राहणाऱ्या माणसाला, चोथ्यापासून काही भलं होतंय हे ऐकून बरं वाटणारच. त्या वेळी हरितगृह वायू सत्तर टक्क्यांनी कमी होतात असं जाहीर झालं. मी वहीत लिहून ठेवलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. सत्तर टक्के कशाचे? डांबराचे की रस्त्याचे? मिश्रणात डांबर पाच टक्के, आणि खडी तापवायचा जाळ तर तसाच आहे. दोन्ही उत्तरं खरी असू शकतात, पण त्यांच्यात फार अंतर आहे. हे अंतर न सांगता मोठा आकडा सांगणं म्हणजे, गणितात शंभरपैकी सत्तर मिळाले असं घरी सांगून बाकीचे विषय लपवण्यासारखं. अशी प्रगतिपुस्तकं मी पस्तीस वर्षं पाहिली आहेत.

सिमेंटचा रस्ता करा, ही हल्लीची गावोगावची मागणी. त्यात जाळ दिसत नाही एवढंच. जाळ आधीच कुठल्या तरी भट्टीत झालेला असतो. क्लिंकरच्या एका टनाला नुसती चुनखडी फुटतानाच अर्धा टन कार्बन डायऑक्साइड निघतो, इंधन वेगळं. एका किलोमीटरच्या सिमेंटच्या गावरस्त्याला हा आकडा शंभर टनांच्या वर जातो. तो रस्ता खरोखर पंचवीस-तीस वर्षं टिकला तर एकवेळ ठीक. पाणी न मारता केला आणि पाच वर्षांत भेगाळला तर काय म्हणायचं?

टिकण्यावरून पुण्याचा जंगली महाराज रस्ता आठवला नाही तर मी पुणे जिल्ह्याची नव्हेच. १९७६ साली रेकॉन्डो या मुंबईच्या कंपनीनं दहा वर्षं खड्डा पडणार नाही अशी हमी देऊन तो बांधला. दहा वर्षं कसली, पुढची कित्येक दशकं तो तसाच उभा राहिला. त्या काळी कार्बनचं नाव कुणी घेत नव्हतं. पण हिशेब करा. दर तीन वर्षांनी थर टाकावा लागणारा माझ्या दारापुढचा रस्ता तीस वर्षांत दहा वेळा तापतो, म्हणजे किलोमीटरला सदतीस-अडतीस टन. तोच सहा वर्षं टिकला तर निम्मे. कुठल्याही जैव-डांबरानं एवढं वाचवून दाखवावं. आणि आमच्याकडे घाटघरला जाऊन नाणेघाट उतरून बघा. सातवाहनांच्या काळातली दगडी वाट, दोन हजार वर्षांची, एक थेंब डांबर नाही. जकातीचा रांजण अजून आहे. (त्यावरून मोटारी जात नाहीत हे मला कळतं. भाच्यानं तेच सांगितलं.)

मी हे सगळं एका कार्यालयात जाऊन विचारलं. कुठल्या ते सोडून द्या. साहेब सभ्य होते, चहा पाजला. म्हणाले, “बाई, आम्ही खडी मोजतो, जाडी मोजतो, डांबराचं प्रमाण प्रयोगशाळेत काढतो. इंधन हा ठेकेदाराचा प्रश्न. मोजमापाच्या वहीत त्याचा रकानाच नाही.” मी म्हटलं, “मग पाडा की एक रकाना.” ते हसले. माझं हे बोलणं त्यांना म्हातारीचा हट्ट वाटला असणार.

पण हट्ट का वाटावा? आमच्याच खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस दुर्बिणी आकाशाकडे कान लावून बसल्या आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेली, कुणाला जाणवणारही नाही इतकी क्षीण रेडिओ लहर त्या मोजतात. त्याच दुर्बिणींकडे जाणाऱ्या रस्त्याला किती पिंपं डिझेल लागलं, हे मोजणं आपल्याला अवघड?

लोक म्हणतील, रकाना पाडला तरी ठेकेदार वाटेल ते भरेल. भरेलही. पण शालेय पोषण आहाराच्या वह्या आम्हीच भरल्या ना? पाचवीपर्यंत मुलामागे शंभर ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवी दीडशे. रोजची हजेरी, रोजचा शिल्लक साठा, महिनाअखेरीला मेळ. शिकवायचं सोडून तांदूळ मोजत बसलो म्हणून आम्ही कुरकुर केली, मी सगळ्यात जास्त. पण त्या वहीमुळेच कुणी पोतं उचललं तर दिसायचं. खोटं लिहिणाऱ्यालाही रोज मेळ बसवावा लागतो आणि कधीतरी तो चुकतो. ज्या सरकारला पोराच्या ताटातला शंभर ग्रॅम तांदूळ मोजता येतो, त्याला टनाला सात लिटर डिझेल मोजता येईल. डिझेलला पावती असते, टनाला वजनकाट्याची चिठ्ठी असते. दोन कागद टाचायचे आणि भागाकार करायचा. तो चौथीचा अभ्यास आहे.

मला फार काही नको. मोजमापाच्या वहीत तीन रकाने हवेत: माल निघताना किती अंश, अंथरताना किती अंश, आणि टनाला किती लिटर. फलकावर फक्त शेवटचा आकडा लिहा. शेजारच्या गावच्या फलकावर सहा आणि आमच्या फलकावर दहा दिसला, की चार लोक विचारतील का, आमची खडी ओली होती का, बर्नर बिघडला होता का. कार्बनचं नाव न घेता कार्बन कमी होईल. आणि जिथे अजून पिंपं उकळतात तिथे आधी एक थर्मामीटर द्या, शक्य असेल तिथे थंड इमल्शन वापरा, ते खड्ड्यांपुरतं चालतं आणि त्याला जाळच लागत नाही. टक्केवारीच्या बातम्या मग छापा.

मंडळी, नातेवाइकांत आणि इथे लिहिणाऱ्यांत बांधकामातले बरेच जण आहात. ज्यांचा हॉटमिक्स प्लांटशी संबंध येतो त्यांनी मला एवढंच कळवा: पावसाआधी आणि पावसानंतर, त्याच प्लांटवर, टनाला किती लिटर लागतं? ठेकेदाराचं नाव नको, गावाचं नको, फक्त दोन आकडे आणि महिना. भाचा म्हणतो की त्याच्या कागदावरच्या हिशेबापेक्षा प्रत्यक्षातला फरक जास्त निघेल. मी वही उघडून ठेवली आहे.